दोन फूट, फक्त आडवे

एप्रिलच्या दुपारी दोन वाजता सोलापुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पडतो तो घर बांधायला काढलेला. ऑफिसातल्या कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता, तेवढ्यात काका आले. जन्म चादरीच्या कारखान्यात गेलेला. आता जुळे सोलापुरात प्लॉट.

"हॉल दहा बाय पंधरा काढलास. दहाचं बारा कर. पंधराला हात लावू नकोस."

"दोन मिनिटं, काका." हे ज्यांना ज्यांना म्हणालो, त्यातले बरेच जण माझ्या डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी खाऊन गेलेत.

ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. त्याची स्केल कमांड म्हणजे भाकरी थापणं. वाढेल ती चहूबाजूंनी. मी १.२ टाकलं. दहाचे बारा झाले आणि पंधराचे अठरा. हॉल तीन फूट मागच्यांच्या न्हाणीघरात.

"तिथं माझं काय काम बे?"

कंट्रोल झेड, केलेलं मागे. मग मी शहाणपणा केला. अख्ख्या हॉलचा ब्लॉक, म्हणजे सगळ्या रेघांचा एकच गठ्ठा केला आणि प्रॉपर्टीजमध्ये आडवं एक्स १.२, उभं वाय १ असं भरलं. पंधरा जागच्या जागी राहिले! मी खुर्चीला टेकलो आणि काकांनी चष्मा पुसायला घेतला. स्क्रीनवरच्या उभ्या भिंती नऊ इंचांच्या पावणेअकरा झाल्या होत्या, आडव्या नऊच. तीन फुटांचा दरवाजा तीन फूट सात इंच. ("म्हैस आणायची आहे का?") 'हॉल' ही अक्षरं लग्नात जेवून आल्यासारखी फुगलेली. आणि मधल्या गोल डायनिंग टेबलाचं अंडं.

"मोराचं बदक केलास," काका म्हणाले.

मी बघतच राहिलो.

"जॅकार्डचं, म्हणजे नक्षीच्या मागाचं डिझाइन आम्ही ग्राफवर काढायचो. त्या कागदाची घरं चौरस नसतात. इंचात ताण्याचे उभे धागे किती, बाण्याचे आडवे किती, त्या हिशेबानं उभट नाहीतर आडवी. कागद चुकला की मागावर मोराचं बदक होतंय. आणि चादर लांब करायची तर मोर ताणत नसतेत. मोर राहू दे, काठ राहू दे, मधलं सूत वाढव."

ही तर ऑटोकॅडची स्ट्रेच कमांड! कोर्सला शिकवली होती. त्या दिवशी मी गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलो होतो.

स्ट्रेच घेतली, उजव्या भिंतीभोवती चौकट ओढली, दोन फूट दिले. भिंत ताणली नाही, सुटून चालायला लागली. मागे दोन फुटांचं भगदाड. चौकट डावीकडून उजवीकडे ओढली की निळी होते आणि पुरतं आत आलेलंच धरते. मग ते नुसतं सरकतं. उजवीकडून डावीकडे ओढली की हिरवी. ती रेघा मधेच कापते आणि कापलेल्या रेघा लांबतात.

"काय करलालास बे? पोरगी बघायला आल्यासारखं घाबरून?"

हिरवी चौकट. दोन फूट. उजवी भिंत सरकली, तिला जोडलेल्या रेघा मुकाट्यानं लांबल्या. भिंती नऊ इंच, दरवाजा तीन फूट, टेबल गोल. वरचा आकडा आपोआप बारा. पंधरा पंधराच. मी घाम पुसला.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"सगळं बरोबर. टेबल तेवढं मघाचं ठेव. सुनेच्या माहेरची आली की गोलाला जागा पुरत नाही."