नाशकात खोली हवीये? आधी अदृश्य व्हायला शिका

नाशकात शिकायला येताय? उत्तम. कॉलेज कुठलं ते नंतर बघू, आधी खोलीचं बोला. अ‍ॅडमिशनला नुसते मार्क लागतात. खोलीला गाव, आडनाव, आहार, झोपायची वेळ आणि मित्रांची एकूण संख्या, एवढं सगळं लागतं.

कॉलेज रोडला राहायची हौस असेल तर ती एकदा फिटू द्या. नावात कॉलेज आहे म्हणून तो रस्ता विद्यार्थ्यांचा, हा समज पहिल्या भाड्याच्या आकड्यापर्यंत टिकतो. मग तुम्ही गंगापूर रोडला सरकता, तिथून म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा. एजंट प्रत्येक जागेबद्दल "कॉलेज रोडपासून दहाच मिनिटं" म्हणतो. खोटं नसतं ते. पहाटे चार वाजता, त्याच्या गाडीवर, द्वारकेचा चौक वाटेत नाही असं धरलं तर दहाच मिनिटं लागतात. या माहितीबद्दल त्याला एक महिन्याचं भाडं द्यायचं असतं.

घरमालकांचा पहिला प्रश्न "बॅचलर का?" असा येतो. डॉक्टर "सिगारेट ओढता का?" विचारतात ना, त्याच सुरात. तुम्ही मान खाली घालून "हो, पण लवकरच सुटेल" असं सांगा.

आता करार. तो अकरा महिन्यांचाच असतो. वर्षाच्या आत असला की नोंदवावा लागत नाही, ही आपल्याकडची पिढीजात श्रद्धा. वास्तविक महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात! वाचून छाती फुगली? फुगू द्या, पण घरमालक काकांसमोर नको. मी त्यांना हे कलम मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. काकांनी शांतपणे ऐकलं, काकूंना चहा टाकायला सांगितला, आणि चहा संपता संपता कळलं की पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा राहायला येणार आहे. त्याला तीन वर्षं झाली. भाचा अजून वाटेतच आहे.

पाण्याचं तंत्र नीट समजून घ्या. गोदेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: आज गुडघ्याला लागलं, आज कमरेला, आज छातीपर्यंत. काकू वरच्या टाकीची पातळी अशीच सांगतात, फक्त तिथे मारुती तुम्ही असता. तुम्ही किती मग अंगावर घेतले ते त्यांना खालच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. सातव्या मगाला जिन्यातून हाक येते, "लग्नाला जायचंय का रे?" गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असो, रामकुंडावरच्या टपऱ्या हलवत असोत, आपल्या टाकीत दुष्काळ तो दुष्काळच. त्यातून डिसेंबरात सोलरचं पाणी साडेसहालाच संपतं. आधी काकांचं अभ्यंगस्नान असतं, रोज.

मित्रांना घरी आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. धुळ्याहून मावसभाऊ आला तरी त्याचं आधार कार्ड जिन्यात तपासलं जातं. त्यापेक्षा रविवारी मिसळीला जा. मळ्यातल्या त्या मिसळीच्या ठिकाणी नंबर लागेपर्यंत तासभर खाटेवर बसता येतं, कोणी उठवत नाही. तोच तुमचा दिवाणखाना समजा.

आणि सिंहस्थ! २०१५ ला झाला, आता २०२७ ला आहे. "सिंहस्थात पाहुणे येतात, खोली लागेल," हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, त्याच्या नावावर भाडं मात्र दर अकरा महिन्यांनी वाढतं.

शेवटी एक दिवस खोली सोडायची वेळ येते. डिपॉझिटचा हिशेब काका लाइट बिलाच्या पाठीमागे करतात. माझ्या वेळी रंगाचे वळते झाले, नळाच्या वॉशरचे वळते झाले, मग चष्मा कपाळावर सरकवून काका भिंतीवरून बोट फिरवत निघाले. तीन भोकं आधीच्या पोरांची होती. ते त्यांनी स्वतःच मान्य केलं, माणूस तसा सरळ. चौथा खिळा माझा: दोनशे रुपये. त्या खिळ्याला कॅलेंडर होतं, पतसंस्थेचं, दिवाळीत काकांनीच दिलेलं, "भिंत बोडकी दिसते रे" म्हणून.

तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालू नका. पैसे कापून घेतलेत ना, मग खिळा उपटून सोबत आणा. मी आणलाय.