घरभाडे भत्ता खरोखरच ‘आपोआप’ वाढतो काय?

केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता महागाई भत्त्याला बांधलेला असल्याने तो भाड्याबरोबर आपोआप वाढतो, गोव्याला त्यात खास सवलत आहे आणि ज्यांना भत्ताच नाही त्यांना प्राप्तिकरात वजावट मिळते. तेव्हा गोव्यातील घरभाड्याची ओरड निराधार आहे, असा युक्तिवाद समाजमाध्यमांवर बराच फिरतो आहे. त्यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान भत्ता आपोआप वाढण्याचे. घरभाडे भत्ता हा मूळ वेतनाचा टक्का आहे. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी वाढला तरी तो त्याबरोबर हलत नाही. जुलै 2017 मध्ये वाय वर्गासाठी, म्हणजे गोव्यालाही लागू असलेल्या मध्यम आकाराच्या शहरांच्या वर्गासाठी, 16 टक्के दर ठरला आणि महागाई भत्ता 25 टक्क्यांपुढे गेल्यावर हा दर 18, तर 50 टक्क्यांवर 20 करण्याची तरतूद झाली. या दोन पायऱ्या अनुक्रमे जुलै 2021 आणि जानेवारी 2024 मध्ये आल्या. मात्र याच आदेशात वाय वर्गासाठी किमान 3,600 रुपयांची मर्यादा होती आणि हा आकडा मुळात 18,000 रुपये या किमान वेतनाच्या 20 टक्के म्हणूनच काढलेला होता. परिणामी 18,000 रुपयांवर रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला 2017 मध्ये 3,600 रुपये मिळत होते आणि दोन्ही पायऱ्या ओलांडल्यानंतर 2024 मध्येही 3,600 रुपयेच मिळाले, जरी त्याच काळात महागाई भत्ता 5 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला. जो 2017 पासून सेवेत आहे, त्याचे मूळ वेतन सहा वेतनवाढींनंतर 21,500 रुपये झाले असे धरले तरी भत्ता 4,300 रुपये होतो, म्हणजे साडेसहा वर्षांत 700 रुपयांची वाढ. पुढे महागाई भत्ता जुलै 2025 पासून 58 टक्के झाला. पण 50 च्या वर पायरीच नसल्याने घरभाड्याचा दर 20 टक्क्यांवरच थांबला. घरमालकाचा करार मात्र अकरा महिन्यांचा असतो.

गोव्याच्या सवलतीचे विधान खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शहरांचे वर्ग लोकसंख्येवर ठरतात. वाय वर्गासाठी निदान 5 लाख वस्ती लागते आणि पणजी, मडगाव, वास्को यांपैकी कोणीही तिच्या जवळपास नाही. म्हणून शिलाँग आणि पोर्ट ब्लेअरप्रमाणे गोव्याला वाय वर्गाचे दर विशेष आदेशाने दिले जातात. ही सवलत म्हणजे लोकसंख्येचा निकष इथे अपुरा पडतो याची कबुलीच आहे. किनाऱ्यावरील कळंगुट किंवा कांदोळीचा घरमालक भाडेकरूच्या महिन्याच्या भाड्याची तुलना हंगामातील पर्यटकाच्या एका रात्रीच्या दराशी करतो आणि जनगणनेत या पर्यटकाची नोंद गोव्याचा रहिवासी म्हणून होत नाही. त्याची झळ पर्वरी आणि म्हापशापर्यंत पोहोचते, कारण किनाऱ्यावर परवडेनासे झालेले नोकरदार तिकडेच घर शोधतात.

प्राप्तिकराच्या वजावटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भत्ता न मिळणाऱ्यांना भाड्यासाठी वजावट देणाऱ्या, 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 80 जीजीखालील मर्यादा 2016 च्या अर्थसंकल्पात महिना 2,000 रुपयांवरून 5,000 रुपये करण्यात आली आणि नंतर ती तेवढीच राहिली. वजावट मिळते ती करपात्र उत्पन्नातून, म्हणून ज्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे अशा हॉटेल कामगाराला तिचा एका रुपयाचाही उपयोग नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्याला तर ती मिळतच नाही.