निसवताना डीएपी? गोणी घरीच राहू द्या

आवणी (भातरोपांची लावणी) उरकली की मावळ-मुळशीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या खताबद्दल एक मेसेज हमखास फिरतो : "भात निसवायला (लोंबी बाहेर यायला) लागला की एकरी एक गोणी डीएपी फेका. पहिलं स्फुरद पाण्यानं वाहून गेलेलं असतं. फुटवे वाढतील, लोंबी ठासून भरेल, उत्पन्न दुप्पट. जास्त झालं तरी अपाय नाही."

वाहून जातं ते नत्र. स्फुरद मातीला चिकटून बसतं. आपल्या घाटालगतच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत तर लोह आणि ॲल्युमिनियम त्याला जखडून ठेवतात. उलट खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि अडकलेलं स्फुरद थोडंफार सुटं होतं. बांध फुटून गढूळ पाणी गेलं तर मातीबरोबर स्फुरदही जातं, हे मात्र खरं. पण मग आधी बांध घाला की!

फुटव्यांचं, म्हणजे बुंध्यातून येणाऱ्या नव्या कोंबांचं, म्हणाल तर निसवणीपर्यंत त्यांचा हंगाम कधीच उलटलेला असतो. स्फुरद हवं ते रोप मुळं धरतं तेव्हा, म्हणून ते सगळंच्या सगळं चिखलणीला, म्हणजे आवणीआधी खाचरात चिखल करताना, द्यायचं. सुधारित भाताला शिफारस हेक्टरी 50 किलोची, म्हणजे एकरी 20. डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीत 23 किलो असतं. तेव्हा एक गोणी दिली असेल तर विषय संपला. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) खोचतात, तीही आवणीनंतर लगेच आणि चिखलात खोल.

लोंबीत जाणारं स्फुरद बहुतांशी पानांत-खोडात आधीच साठलेलं असतं. दाणा भरताना पीक ते तिथून उचलतं.

"पण टाकल्यावर आठवड्यात पीक काळंभोर झालेलं आम्ही पाहिलंय!" पाहिलं असेल, पण ती करामत गोणीतल्या 9 किलो नत्राची. तेवढं नत्र 20 किलो युरियात, सव्वाशे रुपयांच्या आत मिळतं. डीएपीची गोणी 1,350 ला पडते. शिवाय निसवताना नत्राचा असा मारा म्हणजे करपा रोगाला आवतण, आणि आंबेमोहोरासारखा उंच भात आडवा. गंमत म्हणजे स्फुरदाला भुकेलेला भातही गडद हिरवाच दिसतो, फक्त खुजा, ताठ आणि फुटव्यांना कंजूष. नुसत्या रंगावर जाऊ नका.

उत्पन्न दुप्पट? जमिनीत स्फुरद खरंच कमी असेल तर ते दिल्यानं फरक नक्की पडतो. भरपूर असेल तर पैसे चिखलात. माती तपासल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

अपायाचं वाक्य सगळ्यात घातक. स्फुरद वर्षानुवर्षं जास्त झालं की पिकाला जस्त (झिंक) मिळेनासं होतं. मग आवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात आणि वाढ खुंटते. हाच खैरा रोग. त्यावर झिंक सल्फेट द्यायचं, पण डीएपीत कालवून नको. दोन्ही एकमेकांना अडकवतात.