पाढे येत होते, तरी ३०२ − १७८ चुकलंच

परत तोच मेसेज आला, या आठवड्यात तिसऱ्यांदा. सरकारी शाळांतलं गणित सुधारायचंय ना, मग पाढे घोका, ‘समजून घेण्याचे’ लाड बंद करा, हुशार मुलं लवकर वेगळी काढा, मास्तरांचा पगार निकालाला बांधा, आणि तरी नाही जमलं तर शाळाच बंद करून पालकांना खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी कुपनं द्या. एकेक मुद्दा घेते.

पाढे. पाठ पाहिजेतच, त्यावर वाद नाही, सात आठे छप्पनसाठी बोटं मोजणारं पोर मोठ्या भागाकारात अर्ध्यातच दमतं. पण मी शिकवायचे त्यातल्या एकाला पाढे धडाधड यायचे आणि ३०२ − १७८ चं उत्तर त्याने काढलं २७६. फुली मारून मोकळं होता आलं असतं, पण विचारलं कसं केलंस रे, तर म्हणाला दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य. म्हणजे पोराने स्वतःचा नियम बनवलेला आणि तो अगदी मनापासून पाळलेला! अशी शंभर गणितं घोटून घेतली असती तर तोच नियम पक्का झाला असता. मग काड्यांचे गठ्ठे मांडले, शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाचे दहा केले, त्यातला एक सोडून सुट्टे केले, आणि तोच ओरडला, “दशकाच्या घरात नऊ उरले!” उत्तर १२४, मी काहीच सांगितलं नव्हतं. सिंगापूरच्या सरकारी शाळांत १९८० च्या दशकापासून हेच चालतं, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, आणि २०२२ च्या पिसा परीक्षेत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) गणितात ५७५ गुणांनी तेच पहिले. याला लाड म्हणायचं?

हुशार मुलं लवकर वेगळी काढणं. पोलंडने १९९९ मध्ये उलट केलं, मुलांची वाटणी एक वर्ष पुढे ढकलली. पिसातलं गणित २००३ ला ४९०, २०१२ ला ५१८. अभ्यासक्रमही बदलला होता, त्यामुळे सगळं श्रेय या एकाच गोष्टीला देत नाही, पण सगळ्यांना एकत्र ठेवून वाटोळं होतं हे तरी खोटं ठरलं.

पगार आणि निकाल. अमेरिकेत नॅशव्हिलला तीन वर्षं गणिताच्या शिक्षकांना १५,००० डॉलरपर्यंत बोनस लावून बघितला, मुलांच्या गुणांत एकंदरीत फरक नाही. आणि पडणार कसा? गणित कसं शिकवतात याच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी अमेरिकेतल्याच २३ शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा दिलं होतं. बरोबर उत्तर निम्म्याहून कमी जणांचं आलं, आणि त्या भागाकारावर बरोबर बसणारा शाब्दिक प्रश्न फक्त एकाला रचता आला. हे लोक आळशी नव्हते, त्यांना स्वतःलाच कुणी असं शिकवलं नव्हतं, मग पैशाने ते कुठून येणार.

कुपनं स्वीडनने १९९२ मध्येच आणली. त्यांचं पिसातलं गणित २००३ ला ५०९ होतं, २०१२ ला ४७८. कारणं बरीच असतील, पण रामबाण उपाय म्हणून हे फॉरवर्ड करू नका प्लीज.

त्यापेक्षा जपानचं घ्या ना. तिथे शिक्षक मिळून एक धडा तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय लिहितायत ते बघतात, नंतर बसून त्यावर बोलतात. त्याला शिक्षकांचा वेळ मोकळा लागतो. २७६ कसं आलं हे विचारायला मला तेव्हा दहा मिनिटं मिळाली, कारण त्या दिवशी वर्गात अकराच मुलं होती.