रिकामी रॅम घेऊन करायचं काय?

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी आत्याकडून, असा एकच मेसेज एका आठवड्यात मला तीनदा आला. लांबलचक आहे, लाल दिव्यांनी आणि बॅटरीच्या चित्रांनी सजवलाय. म्हणणं असं: तुमच्या नकळत फोनमधली पन्नासेक अ‍ॅप्स आपोआप सुरू होतात, मागे चालत राहतात, बॅटरी खातात, रॅम (फोनची कामापुरती तात्पुरती मेमरी) भरून टाकतात, माहिती चोरतात. म्हणून दर तासाला सगळी अ‍ॅप्स वर सरकवून साफ करा. सगळ्यांचा ऑटोस्टार्ट बंद करा. डेव्हलपर ऑप्शन्स या लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकग्राउंड प्रोसेस, म्हणजे मागे चालणारी कामं, शून्यावर आणा. एखादं क्लीनर अ‍ॅप टाकून घ्या. एवढं केलंत की बॅटरी दुप्पट चालेल आणि फोन कुणी हॅक करू शकणार नाही.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, त्याच्यापाशी येऊच. पण घोळ सुरू होतो तो ‘बंद करा’ या दोन शब्दांपासून. फोनवर अ‍ॅप ‘बंद’ करण्याचे निदान चार प्रकार आहेत आणि चारही वेगळे. वर सरकवणं म्हणजे अ‍ॅपची खिडकी यादीतून काढणं. ऑटोस्टार्ट काढणं म्हणजे त्याला स्वतःहून जागं व्हायला मनाई. बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ करणं म्हणजे मागे काम करण्यावर लगाम. आणि फोर्स स्टॉप म्हणजे थेट ठार; तुम्ही स्वतः पुन्हा उघडेपर्यंत ते अ‍ॅप कुणाच्या हाकेला ओ देत नाही, त्याने लावून ठेवलेले गजरही रद्द होतात. मेसेज लिहिणाऱ्याने चारही एकाच पिशवीत कोंबलेत.

‘वर सरकवा, बॅटरी वाचेल’

रिसेंट्सच्या यादीत दिसणारं प्रत्येक अ‍ॅप चालू असतं हा गैरसमज फार खोलवर गेलाय. ती यादी म्हणजे अलीकडे उघडलेल्या गोष्टींची नोंद. त्यातली बरीच अ‍ॅप्स रॅममध्ये नुसती पडून असतात, काहीच करत नाहीत. काहींचा तर रॅममध्ये मागमूसही उरलेला नसतो, फक्त शेवटच्या पडद्याचं चित्र दिसतं. अँड्रॉइड 11 पासून तर अशा निजलेल्या अ‍ॅप्सना गोठवण्याची सोय आहे: ती रॅममध्ये राहतात, पण प्रोसेसर त्यांच्या वाट्याला येत नाही. 2023 च्या अँड्रॉइड 14 मध्ये हे गोठवणं आणखी कडक झालं.

आता ते अ‍ॅप तुम्ही वर सरकवलंत आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडलंत. फोनला सगळं पहिल्यापासून करावं लागतं: नवी प्रोसेस काढायची, स्टोरेजमधून कोड वाचायचा, पडदा नव्याने रंगवायचा, सर्व्हरशी पुन्हा जोडून घ्यायचं. वाण्याच्या काउंटरवर हे रोज बघायला मिळतं. मागे पाच माणसं उभी, पुढचा गृहस्थ यूपीआय अ‍ॅप उघडतोय, गोल चक्र फिरतंय, आणि तो ‘नेटच नाही हो’ म्हणून कंपनीला शिव्या देतोय. नेट असतं. अ‍ॅप त्यानेच दुकानाच्या पायरीवर सवयीने साफ केलेलं असतं.

हे माझं एकट्याचं मत नाही. 2016 मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या टिम कुक यांना विचारलं होतं की तुम्ही वारंवार अ‍ॅप्स बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का. उत्तर दिलं आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. तेव्हा अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमाराला तोच सूर लावला. अ‍ॅप अडकलं, पडदा हलेना, तर जरूर सरकवा. एरवी ती बोटांची कसरत आहे.

‘रॅम भरली म्हणून फोन हळू’

रॅम ही रिकामी ठेवण्यासाठी नसतेच. ती भरलेली असो की रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. मग आठ जीबीचे पैसे मोजून पाच जीबी मोकळी ठेवण्यात कसला आनंद? जागा कमी पडली तर कुणाला काढायचं हे अँड्रॉइड स्वतः ठरवतं: समोर दिसतंय ते सगळ्यात शेवटी, गाणं वाजवणारं त्याच्या आधी, आणि कोपऱ्यात नुसतं पडलेलं सगळ्यात पहिलं. तीन-चार जीबीच्या जुन्या फोनवर ओढाताण होते हे मान्य. पण तिथेही सगळं साफ केल्यावर मिळालेली मोकळी जागा दोन-चार मिनिटांत पुन्हा भरते.

‘सगळ्यांचा ऑटोस्टार्ट बंद करा’

हाच तो अर्धा खरा मुद्दा, म्हणून इथे जरा बसून बोलू.

एक काळ होता, साधारण 2012 च्या आसपासचा, जेव्हा हा मेसेज बराचसा खरा ठरला असता. 512 एमबी रॅमचे फोन, आणि फोन चालू झाला, वायफाय जोडलं गेलं, चार्जर लावला, की त्या बातमीने डझनभर अ‍ॅप्स खडबडून जागी व्हायची. पुढे गूगलने एकेक दार बंद केलं. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये ‘डोझ’ आलं: स्क्रीन बंद, चार्जर काढलेला, फोन टेबलावर स्थिर, की अ‍ॅप्सची कामं अडवून ठेवायची आणि मधूनमधून थोडा वेळ मोकळीक द्यायची. 2016 च्या अँड्रॉइड 7 मध्ये त्याचाच सौम्य प्रकार खिशातल्या हलत्या फोनलाही लागू झाला. 2017 च्या अँड्रॉइड 8 ने मागे सेवा चालवण्यावर मर्यादा घातली आणि असल्या सार्वजनिक बातम्यांवर जागं होण्याची मुभा जवळजवळ काढून घेतली. 2018 पासून तर फोन बघतो की तुम्ही कुठलं अ‍ॅप किती वापरता, आणि क्वचित वापरातल्या अ‍ॅपचा शिधा कमी करतो.

मग शाओमीच्या फोनवर ऑटोस्टार्टची वेगळी यादी का? ओप्पो, रिअलमी, विवो यांच्याकडेही वेगवेगळ्या नावांनी ती का आहे? याचं उत्तर चीनमध्ये आहे. आपल्याकडे बहुतेक अ‍ॅप्सच्या नोटिफिकेशन्स गूगलच्या एकाच जोडणीतून येतात. एक पोस्टमन सगळ्या वाड्याची पत्रं आणतो तसं. चीनमध्ये गूगलच्या सेवा नाहीत. तिथे ज्याने त्याने आपापला पोस्टमन ठेवला, आणि एकाच घराण्यातली अ‍ॅप्स एकमेकांना उठवू लागली: एक उघडा, चार जागी होतात. त्यावर उपाय म्हणून तिथल्या कंपन्यांनी कडक कुलपं केली. तीच कुलपं फोनबरोबर आपल्याकडे आली. या फोनवर बऱ्याच अ‍ॅप्सचा ऑटोस्टार्ट मुळातच बंद असतो. मोजक्या लोकप्रिय अ‍ॅप्सना तेवढी सूट. म्हणजे मेसेजवाले जे करायला सांगतात ते बरंचसं आधीच झालेलं असतं. उरलेलं तुम्ही केलंत की घात होतो.

हे मी स्वतःच्या हाताने केलंय. दोनेक वर्षांपूर्वी असाच मेसेज वाचून आईच्या फोनवर मी सगळ्यांचा ऑटोस्टार्ट काढला. तिच्या बीपीच्या गोळीसाठी एक आठवण करून देणारं अ‍ॅप टाकलेलं होतं, रात्री आठचं. एके रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं, फोन बंद पडला, सकाळी तिने चालू केला. त्या दिवशी आठला गजर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, ‘अरे, तुझ्या त्या गोळीवालीने मौन धरलंय का?’

कारण साधं होतं. फोन बंद झाला की अशा अ‍ॅप्सनी लावलेले गजर पुसले जातात. फोन पुन्हा सुरू झाल्यावर सिस्टिम निरोप पाठवते, ‘चालू झालोय’, आणि तो निरोप ऐकून अ‍ॅप आपले गजर नव्याने लावतं. ऑटोस्टार्ट काढल्यामुळे निरोप पोहोचलाच नाही, आणि आई ते अ‍ॅप स्वतःहून कशाला उघडेल? गोळी ती चहाच्या डब्याशेजारी ठेवते म्हणून चुकली नाही, यात माझं कर्तृत्व शून्य. ‘व्हॉट्सअ‍ॅप उघडल्याशिवाय मेसेजच येत नाहीत’ ही तक्रारही बऱ्याचदा याच घराण्यातली. ‘डोंट किल माय अ‍ॅप’ नावाची एक साइटच आहे, जिथे कुठल्या कंपनीचा फोन अ‍ॅप्सचा गळा किती आवळतो याची क्रमवारी लावलेली असते. भाजीवाल्याकडे फोन असूनही पैसे आल्याचं बोलून सांगणारा वेगळा डबा का असतो, यामागेही थोडंफार हेच आहे: डब्यात स्वतःचं सिम असतं, फोनमधलं अ‍ॅप झोपलं की जागं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

म्हणून ऑटोस्टार्टच्या यादीत जा, जरूर जा. खेळ, खरेदीची अ‍ॅप्स, फोटोला फुलं लावणारी अ‍ॅप्स, यांना परवानगी असेल तर काढा. मेसेजिंग, गजर, औषधं, बँक, घड्याळ किंवा शुगरच्या यंत्राशी जोडलेली अ‍ॅप्स यांना हात लावू नका.

‘डेव्हलपर ऑप्शन्समध्ये शून्य करा’

सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत असलेल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की दार उघडतं, म्हणून ते आपल्यासाठी आहे असं होत नाही. ‘बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट’ आणि ‘डोंट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ ही दोन बटणं अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आहेत: तंगीच्या परिस्थितीत आपलं अ‍ॅप कोसळतं का हे पाहायला. दुसरं चालू ठेवलंत तर फॉर्म भरता भरता ओटीपी बघायला बाहेर पडून परत आलात की फोन पान नव्याने मांडतो, आणि भरलेलं गायब होण्याची शक्यता मोठी. गंमत म्हणजे पहिलं बटण फोन रीस्टार्ट झाला की आपोआप मूळपदावर जातं. म्हणजे ते एकदा करून विसरताही येत नाही.

‘क्लीनर अ‍ॅप टाका’

मागे चालणारी अ‍ॅप्स कमी करायची म्हणून सतत मागे चालणारं आणखी एक अ‍ॅप घ्यायचं! शिवाय अँड्रॉइड 14 पासून एखादं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या प्रोसेस अशा मारूच शकत नाही. ती सोय आता फक्त स्वतःच्या प्रोसेसपुरती उरलीये. क्लीनरच्या पडद्यावर रॉकेट उडतं, ‘1.2 जीबी मोकळी झाली’ असं झळकतं, पाठोपाठ जाहिरात. 29 जून 2020 ला भारत सरकारने जी 59 चिनी अ‍ॅप्स बंद केली, त्यात टिकटॉकचाच गाजावाजा झाला. पण त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू बॅटरी सेव्हर, डीयू क्लीनर हीसुद्धा होती.

काही क्लीनर अजून एक पाऊल पुढे जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, कारण तुमच्या वतीने सेटिंगमध्ये शिरून फोर्स स्टॉपचं बटण दाबायचं असतं. ही परवानगी अंध किंवा हात न चालणाऱ्या माणसांच्या मदतीसाठी आहे. ती दिली की अ‍ॅप तुमचा पडदा वाचू शकतं आणि तुमच्या जागी टिचक्या मारू शकतं. बँकेचे पैसे लुटणारी अ‍ॅप्सही नेमकी हीच मागतात.

‘मग हॅक होणार नाही’

लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहतुकीच्या चलानाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, ठाऊक असेलच. ती आपणच उघडतो, आपणच इन्स्टॉल करतो आणि एसएमएस वाचायची परवानगीही आपणच देतो. पुढे ओटीपी परस्पर तिकडे जातात. यात ऑटोस्टार्टच्या बटणाचा भरवसा धरणं म्हणजे चोराला किल्ली देऊन खिडकीला कडी लावणं. परवानग्यांची यादी बघा. कॅलक्युलेटरला कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न विचारा.

आयफोनवाल्यांसाठी एक ओळ: तुमच्याकडे ऑटोस्टार्टची यादी नाही, बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश (मागे माहिती ताजी करण्याची मुभा) आहे, आणि तेही सरसकट काढायची गरज नाही, नको त्या अ‍ॅपपुरतं काढता येतं.

मग बॅटरी जाते कुठे?

पुष्कळदा डोळ्यांसमोर: स्क्रीनमध्ये. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन अशी वीज पिते की मागची चार निजलेली अ‍ॅप्स तिच्यापुढे किस झाड की पत्ती. आणि दुसरी जागा म्हणजे कमजोर नेटवर्क. कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीजवळचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि त्याच्या आगेमागे लागलेली बोगद्यांची रांग आठवा. टॉवर सुटतो, फोन शोधत राहतो, सापडला की लांबच्या टॉवरपर्यंत पोहोचायला जोर लावतो. त्या प्रवासात फोन तापतो तो यामुळे, आणि लोक डब्यात बसून अ‍ॅप्स वर सरकवत असतात.

आत्याकडे गेलो तेव्हा तिच्या फोनवर सेटिंगमधलं बॅटरी वापराचं पान उघडलं. पहिली स्क्रीन, मग तिची कीर्तनं आणि रेसिपी, म्हणजे यूट्यूब. पाठोपाठ एक टॉर्चचं अ‍ॅप, सहा तास मागे चालू. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी दिलेली. टॉर्चला लोकेशन!

‘ते काढलं तर लाइट गेल्यावर काय करू?’ आत्या म्हणाली. वरची पट्टी खाली ओढून फोनमधलीच टॉर्च दाखवली. तिने दोनदा लावून बघितली, विझवली, आणि म्हणाली, काढ मग ते.