डंपावरची झाडे लोखंड देणार नाहीत

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत सध्या एक मजकूर फोनाफोनी फिरतोय: लोखंडाच्या खाणींच्या डंपांवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवर, ठरावीक झाडे लावा, ती लोखंड शोषतील, पाला जाळला की राखेतून लोखंड मिळेल आणि पाच वर्षांत जमीनही साफ होईल. मलाही चौघांनी पाठवला, म्हणून लिहितोय.

"मलेशियात हे झालेय." झालेय, पण निकेलचे. सबाहमध्ये फायलॅन्थसच्या जातीचे एक झुडूप निकेलयुक्त मातीतून तो धातू पानांत साठवते. सुक्या पानात एक टक्क्याहून जास्त, राखेत दहाच्याही वर. निकेल महाग, म्हणून तिथे हिशेब जुळू शकतो.

"तसेच लोखंडही मिळेल." हिशेब करून बघा. हेक्टरी वर्षाला १० टन सुका पाला धरा, त्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम लोखंड धरा. हाती येते २ किलो. ५८ टक्के ग्रेडच्या एका टन खनिजात ५८० किलो असते.

झाडाला जास्तीचे लोखंड नकोच असते. गेल्या सरदात, म्हणजे पावसाळी भाताच्या हंगामात, डंपाखालच्या आमच्या शेतातला भाताचा चूड उपटला, तर पांढऱ्या मुळांवर गंजासारखा तांबूस थर होता, बोटाने चोळला तरी जाईना. पाण्याखालच्या मातीत लोखंड विरघळते, मुळे बाहेर प्राणवायू सोडतात आणि ते तिथेच गंजते. म्हणजे भात बरेचसे लोखंड उंबऱ्यावरच अडवते. तरी जे आत शिरते त्याने पाने तांबूस पडतात, दाणा कमी भरतो.

"जमीन साफ होईल." डंपात लाखो टन माती आहे आणि आपण वर्षाला हेक्टरी २ किलो काढणार. शिवाय पिसुर्ले, मये, शिरगाव इथल्या शेतकऱ्यांचे नुकसान केले ते वाहून आलेल्या गाळाने. तो लाल गाळ खाचरात बसतो आणि सुकला की असा घट्ट होतो की नांगराचा फाळ शिरत नाही.

झाडे मात्र डंपांवर हवीतच, माती धरून ठेवायला. आकेशिया कित्येक डंपांवर वर्षानुवर्षे उभा आहे, पण त्याच्या सावलीत गवत फारसे येत नाही आणि पाऊस उतार धुऊन नेतो. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खाली जातात. उतारावर वाळ्याच्या ओळी, पायथ्याला गाळ अडवणारा बांध आणि उपसलेली गटारे, एवढे मिरगाच्या आधी व्हायला हवे. पंचायतीकडे मागायचे ते हेच.