पखवाजावर करवत चालवून पाहा, मग खुस्रोंचा तबला सांगा

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मावशीने एक लांबलचक मेसेज टाकला. सुरुवात ‘तुम्हाला माहीत आहे का?’ आणि शेवट ‘किमान अकरा जणांना पाठवा’. मधला मजकूर थोडक्यात असा: तेराव्या शतकात दिल्लीचे कवी अमीर खुस्रोंनी वीणा कापून सतार केली आणि पखवाज कापून तबला केला, त्याआधी आपल्याकडे भजनाला साथ करण्यापुरतीच साधी वाद्यं होती, सतार म्हणजे फारसीत तीन तारा, आणि पुढे रविशंकरांनी तिला तरफा (मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या तारा) बसवून आजचं रूप दिलं.

असले मेसेज मी एरवी सोडून देतो. हा सोडता आला नाही. संध्याकाळी भाचा वही घेऊन आला. त्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये सतार वाजवायची आहे आणि त्याआधी वाद्याची ओळख चार ओळींत सांगायची आहे. त्या चार ओळी त्याने याच मेसेजमधून उतरवून घेतल्या होत्या. तोवर ग्रुपवर एका नातेवाइकाचं उत्तरही येऊन पडलं होतं: ‘म्हणजे हे आपलं वाद्य नव्हेच, मग सरस्वतीपूजनाला कशाला मांडायचं?’ बाबांनी ते वाचलं. त्यांची मिरजेची सतार गेली 40 वर्षं दर दसऱ्याला आमच्याकडे पाटावर असते. ते काही बोलले नाहीत, फोन पालथा घालून आत गेले. म्हणून हे लिहितोय.

आधी तबल्याचं, कारण त्याहून अशक्य गोष्ट त्या मेसेजमध्ये दुसरी नाही. खुस्रोंनी पखवाजाचे दोन तुकडे केले, तरी तो वाजला, म्हणून ‘तोडा, तब भी बोला’, आणि त्यावरून तबला! लहानपणी मीही हे ऐकलंय आणि हसून मानही डोलावली आहे. पण पखवाज एकदा हातात घेऊन बघा. आपल्याकडे विठ्ठलाच्या देवळात तो मिळतोच. त्याचं खोड आरपार पोकळ असतं, दोन्ही बाजूंना उघडं. दोन तोंडांवर दोन पुड्या, म्हणजे ताणलेलं चामडं, आणि त्या एकमेकींना ताणून धरतात त्या मधल्या चामड्याच्या वाद्या. एका पुडीचा ताण दुसरीच्या जिवावर असतो. मधोमध करवत चालवलीत की पहिल्यांदा वाद्या तुटतात, दोन्ही पुड्या ढिल्या पडतात आणि हातात बुड नसलेली दोन भांडी राहतात. बोलायचा प्रश्नच येत नाही.

आता शेजारी तबला ठेवा. त्याचं लाकूड एकाच बाजूने कोरलेलं असतं, बूड बंद. वाद्या खाली बुडाशी असलेल्या कड्याला बांधलेल्या, मध्ये लाकडी गठ्ठे, ते हातोडीने खाली-वर ठोकून स्वर लावायचा. डग्गा तर लाकडाचाही नसतो, तांब्या-पितळेचा किंवा मातीचा असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावावी लागते, डग्ग्याला कायमची शाई, म्हणजे काळा गोल थर, असते आणि तीही मध्यावर नाही, एका बाजूला. या जोडीची घडणच वेगळी आहे. ‘तबला’ हा शब्द अरबीतल्या ‘तब्ल’वरून आला, त्याचा अर्थ नुसता ढोल. आणि आज आपण जो तबला ओळखतो तो ठळकपणे दिसू लागतो अठराव्या शतकातल्या दिल्लीत, म्हणजे खुस्रोंनंतर 400 वर्षांनी. ग्रुपवर लगेच कोणीतरी भाज्याच्या लेण्याचा फोटो टाकला. तिथल्या शिल्पात एक बाई दोन उभी चर्मवाद्यं वाजवताना दिसते हे खरं. पण त्यावरून आजचा तबला 2000 वर्षांचा ठरवणं हीसुद्धा तितकीच घाई आहे.

सतारीचंही तेच. जुन्या बीनेची, म्हणजे रुद्रवीणेची दांडी पोकळ नळीसारखी असते आणि तिच्याखाली दोन भोपळे असतात. सतारीला एकच मोठा भोपळा असतो, त्यावर लाकडी तबली, म्हणजे वरची पातळ फळी, आणि त्याला जोडलेली रुंद, कोरून पोकळ केलेली दांडी. एक कापून दुसरी होत नाही. आणि खुस्रोंबद्दल बोलायचं तर निदान त्यांचं तरी ऐका. ते 1253 ते 1325 या काळातले, भरपूर लिहिणारे कवी. चंग, रबाब, नाय, दफ अशा वाद्यांची वर्णनं त्यांच्या काव्यात आहेत. त्यांचे चरित्रकार वहीद मिर्झा यांनी त्यांचं लेखन पालथं घातलं, ‘सतार’ शब्द कुठे सापडला नाही. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने अकबराच्या दरबारातल्या कलावंतांची यादी दिली. त्यात बीनकार आहेत, तंबूर, रबाब, सूरमंडल वाजवणारे आहेत. सतारिया एकही नाही. एवढं मोठं वाद्य त्याच्या 300 वर्षं आधी जन्मलं असतं, तर दरबारात एक तरी माणूस ते घेऊन बसला नसता का?

मग सतार आली कुठून? इथे मी अ‍ॅलिन मायनर यांच्या पुस्तकावर विसंबतो. बाई स्वतः सतार वाजवतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या सतार-सरोदचा माग त्यांनी जुन्या फारसी-उर्दू नोंदींतून आणि चित्रांतून काढला आहे. 1738 ते 1741 या काळात दरगाह कुली खान दिल्लीत होता. दख्खनचा माणूस, निजाम आसफजाहांबरोबर गेलेला, पुढे आपल्या औरंगाबादचा सुभेदार झाला. दिल्लीतल्या मैफली, गवई, नाचणाऱ्या बायका, उरूस यांचं त्याने वर्णन लिहून ठेवलं. त्यात नेमत खाँ, म्हणजे ख्यालातले आपले ‘सदारंग’, यांच्या कुटुंबातल्या एकाच्या सतारवादनाची तारीफ आहे. दिल्लीतल्या सतारीची ठळक नोंद ही अशी मिळते. त्याच कुटुंबात खुस्रो खाँ नावाचा कलावंत होऊन गेला. सतार पुढे आणण्याचं श्रेय त्याचं असावं आणि नावाच्या सारखेपणामुळे ते 400 वर्षं आधीच्या कवीच्या खात्यावर गेलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो. 1834 साली कॅप्टन विलर्डने इंग्रजीत छापलेल्या पुस्तकात सतारीचं श्रेय अमीर खुस्रोंना दिलेलं आहे, आणि नंतरचे लोक तेच गिरवत आले.

मला सगळ्यात जास्त राग इथेच येतो. खुस्रोंच्या मोठेपणाला सतारीच्या टेकूची गरज नाही. पण त्यांच्या नावाखाली सतारिये मसीत खाँ पुसले जातात, ज्यांच्या नावाची विलंबित गत, म्हणजे संथ लयीतली बांधलेली रचना, प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षात शिकतो. माझा भाचा रोज ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ घोकतो आणि ते कोणाचं, हे त्याला सांगायला कोणी नाही. लखनौचे गुलाम रझा पुसले जातात, ज्यांच्यावरून द्रुत गतीला रझाखानी म्हणतात.

‘त्याआधी साधी वाद्यं होती’ हा मुद्दा तर खुद्द खुस्रोंनीच खोडला आहे. 1318 च्या ‘नुह सिपिहर’ या काव्यात ते हिंदुस्तानच्या संगीताला काळीज जाळणारी आग म्हणतात. दुसऱ्या कुठल्या देशात असं संगीत नाही आणि बाहेरून आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं राहूनही ते नीट साधत नाही, असंही सांगतात. जे आधीच इतकं पुढे गेलेलं होतं त्याला साधं कसं म्हणायचं? ग्वाल्हेरजवळच्या पवायाच्या गुप्तकालीन शिल्पात वाद्यवृंद आहे, त्यात दांडी असलेलं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य स्पष्ट दिसतं. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणा मात्र सतार म्हणून नाचवू नका. ती धनुष्यासारखी वाकलेली आहे, पडदे (स्वरांसाठी दांडीवर बांधलेल्या पट्ट्या) नाहीत, दांडीही नाही.

तीन तारांचं म्हणणं बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. ‘सेह’ म्हणजे तीन. सुताने बांधलेले, सरकवता येणारे पडदेही इराणी सेतारशी नातं सांगतात. ‘सात तारांची म्हणून सतार’ हे ग्रुपवरचं काकांचं उत्तर मात्र चालणार नाही, कारण सुरुवातीच्या सतारीला सात तारा नव्हत्या. तरफांचं थोडक्यात सांगतो: तरफदार सतारी एकोणिसाव्या शतकातच होत्या, रविशंकरांचा जन्म 1920 चा.

आणि ‘आपलं वाद्य नव्हे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढंच सांगायचं आहे की, एकदा मिरजेला जा. साधारण 1850 पासून तिथली शिकलगार घराणी, ज्यांचं मूळ काम तलवारींना धार लावायचं, सतारी आणि तंबोरे करत आली आहेत. फरीदसाहेब सतारमेकर त्यांतलेच. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, तो वाळवून मग कापतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

रात्री बाबा सतार घेऊन बसले. भाच्याला त्यांनी गंधाराच्या पडद्याचं सूत दाखवलं आणि तो पडदा बोटाने जरासा वर सरकवून कोमल गंधार लावून दिला. वहीतल्या चार ओळी त्याने स्वतःच खोडल्या. आता पहिली ओळ आहे: ‘माझी सतार मिरजेत बनली आणि मी मसीत खाँसाहेबांच्या धाटणीची गत वाजवणार आहे.’